झोईचा कायदा यायला बारा वर्षं का लागली?

२००९ सालचा नाताळचा दिवस. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या उत्तरेला सेंट्रल कोस्ट म्हणून भाग आहे. तिथे आठवा महिना लागलेली एक बाई घराजवळच्या रस्त्यावरून पायी चालली होती. नशेत गाडी चालवणाऱ्या एकीने तिला उडवलं. आईला जबर मार लागला, पण ती वाचली. पोटातली मुलगी गेली. आईवडिलांनी तिचं नाव झोई ठेवलं.

पुढे खटला उभा राहिला. धोकादायक रीतीने गाडी चालवून आईला गंभीर दुखापत केली, असा आरोप ठेवला गेला. झोईचा मृत्यू त्यात स्वतंत्रपणे कुठेच नव्हता. आईला झालेल्या दुखापतींच्या यादीत, मोडलेल्या हाडांच्या बरोबरीने, ती एक दुखापत म्हणून आली होती.

या आईबापांना काय वाटलं असेल, ते समजायला कायदा शिकावा लागत नाही. आणि त्यांच्या दुःखावर मीठ चोळणारी आणखी एक गोष्ट होती. न्यू साउथ वेल्स या राज्यात (सिडनी त्याची राजधानी) गर्भ वीस आठवड्यांचा किंवा चारशे ग्रॅम वजनाचा झाल्यावर बाळ मृत जन्माला आलं, तर त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. म्हणजे सरकारचं एक खातं त्या बाळाची नावानिशी नोंद ठेवतं आणि दुसऱ्या खात्याच्या आरोपपत्रात तेच बाळ आईची जखम होऊन बसतं.

‘झोईज लॉ’ या नावाने ओळखली गेलेली मागणी इथून सुरू झाली. कायदा प्रत्यक्ष मंजूर झाला १९ नोव्हेंबर २०२१ रोजी. मधल्या बारा वर्षांत विधेयकं आली, गेली, एकदा तर एका सभागृहात दणदणीत बहुमताने मंजूर होऊनही दुसऱ्या सभागृहात पडून राहिली. एवढा उशीर का झाला, याचं उत्तर बहुतेक जण ‘राजकारण’ असं देतील. ते अर्धंच खरं आहे. उरलेला अर्धा भाग कायद्यातल्या एका खऱ्याखुऱ्या पेचाचा होता, आणि तो समजून घेतल्याशिवाय या विलंबाबद्दल रागावणंही अपुरं ठरतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपल्याकडे भ्रूणहत्या म्हटलं की सोनोग्राफी, लिंगनिदान आणि मुलगी नको म्हणून केलेला गर्भपात डोळ्यांसमोर येतो. इथला विषय तो नाही. बाईला मूल हवं आहे आणि तिसऱ्याच माणसाच्या मारहाणीमुळे किंवा बेदरकार गाडीमुळे ते पोटात दगावलं, अशा वेळी गुन्हा कोणता आणि कोणाविरुद्ध, हा प्रश्न आहे.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात याचं उत्तर ठरलेलं होतं. सतराव्या शतकातले न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी ते लिहून ठेवलं आहे: बाळ जिवंत जन्मलं आणि नंतर पोटात असताना झालेल्या इजेमुळे मेलं, तर तो खून होऊ शकतो. पोटातच मेलं, तर घोर अपराध झाला, पण खून नाही. त्या काळी हा नियम बराचसा पुराव्याच्या अडचणीतून आला होता. पोटातलं मूल मार बसण्याच्या आधी जिवंत होतं की नाही, हे कोण आणि कसं सांगणार? सोनोग्राफी नव्हती, ठोके मोजायचं यंत्र नव्हतं. ब्रिटिशांचा कायदा जिथे जिथे गेला तिथे हा नियमही गेला, ऑस्ट्रेलियातही.

विसाव्या शतकात यंत्रं आली, तरी नियम राहिला, आणि त्याचे परिणाम फार विचित्र होऊ लागले. न्यू साउथ वेल्समधलाच एक खटला पाहा. २००२ साली एका गाडीने दुसऱ्या गाडीला धडक दिली. दुसऱ्या गाडीत दिवस भरत आलेली बाई होती. तातडीने सिझेरियन केलं, बाळ बाहेर काढलं. यंत्रांच्या आधाराने ते दोनेक तास जगलं आणि गेलं. चालकाला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवण्यात आलं, आणि २००५ मध्ये वरच्या न्यायालयाने ते कायम केलं. तेच बाळ ऑपरेशन थिएटरमध्ये पोहोचण्याआधी गेलं असतं, तर मनुष्यवध झालाच नसता. धडक तीच, चालक तोच, आईच्या पोटातला महिनाही तोच. फरक फक्त त्या दोन तासांचा. झोईच्या आईवडिलांच्या वाट्याला ते दोन तास आले नव्हते.

त्याच सुमारास आणखी एक भयंकर प्रकरण न्यायालयात आलं होतं. मूल नको असलेल्या एका पुरुषाने सहा महिन्यांच्या गरोदर बाईच्या पोटावर लाथा घातल्या. गर्भ गेला. आईला मात्र बाकी कायमची इजा फारशी झाली नव्हती. मग ‘गंभीर दुखापत’ कोणाला झाली? २००३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने उत्तर दिलं की या कलमापुरता गर्भ हा आईच्या शरीराचा भाग मानता येतो, त्यामुळे तो नष्ट करणं म्हणजे आईलाच गंभीर दुखापत करणं. २००५ साली विधिमंडळाने हे थेट कायद्यात घातलं. त्या दुरुस्तीला ‘बायरन्स लॉ’ म्हणतात, तेही एका न जन्मलेल्या बाळाचंच नाव. आईला दुसरी काही इजा झालेली असो वा नसो, वैद्यकीय उपचाराखेरीज इतर कारणाने गर्भ नष्ट करणं ही गंभीर दुखापत, असं त्यात म्हटलं.

तेव्हा अनेकांना वाटलं, प्रश्न सुटला. लाथा घालणाऱ्याला शिक्षा देण्यापुरता तो सुटलाही. पण दोन भोकं राहिली. आई स्वतःच जबर जखमी झाली असेल, तर गंभीर दुखापत तशीही सिद्ध होते. मग बाळ जाणं त्या यादीत नुसती एक ओळ बनतं. झोईच्या बाबतीत हेच झालं. आणि आईच मेली, तर खटला आईच्या मृत्यूचा होतो आणि पोटातलं बाळ आरोपपत्रातून जवळपास नाहीसंच होतं. २०१८ मध्ये पश्चिम सिडनीत जुळ्यांची आई होणार असलेली एक तरुणी अपघातात मारली गेली, तेव्हा हे दुसरं भोक साऱ्या राज्याला दिसलं.

आता विधिमंडळाकडे वळू. रचना आपल्या महाराष्ट्रासारखीच: खाली विधानसभा, वर विधान परिषद. विधेयक कायदा व्हायला दोन्हीकडे मंजूर व्हावं लागतं. झोईच्या नावाने पहिलं विधेयक आणलं ते विधान परिषदेतले फ्रेड नाईल यांनी. हे ख्रिस्ती धर्मोपदेशक, आपल्या छोट्या पक्षाचे नेते आणि गर्भपाताचे आयुष्यभराचे विरोधक. इथेच मामला अवघड झाला. झोईच्या आईची भूमिका स्पष्ट होती: बाईचा गर्भपाताचा हक्क तिला मान्य होता, तिला फक्त आपल्या मुलीची दखल हवी होती. तिचं दुःख घेऊन दुसरीच लढाई लढली जाते आहे, अशी शंका विरोधकांना पहिल्या दिवसापासून होती, आणि नाईल यांच्याकडे पाहता ती निराधार म्हणता येत नाही.

२०१३ मध्ये सेंट्रल कोस्टचेच आमदार ख्रिस स्पेन्स यांनी वेगळा मसुदा आणला. त्यात म्हटलं होतं की गंभीर दुखापतीच्या काही कलमांपुरता, वीस आठवड्यांचा किंवा चारशे ग्रॅमचा गर्भ ही ‘जिवंत व्यक्ती’ मानावी. वैद्यकीय उपचार आणि आईच्या संमतीने झालेली कृती यांना वगळलं होतं. मोठ्या पक्षांनी व्हिप काढला नाही; ज्याने त्याने आपल्या मनाला स्मरून मत द्यावं, असं ठरलं. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी विधानसभेत ६३ विरुद्ध २६ मतांनी ते मंजूर झालं.

विरोधात कोण होतं ते बघण्यासारखं आहे. राज्यातली बॅरिस्टरांची संघटना, डॉक्टरांची संघटना, महिलांना कायदेशीर मदत करणाऱ्या संस्था. ही मंडळी काही त्या आईच्या दुःखाबद्दल बेपर्वा नव्हती. त्यांचं म्हणणं एका शब्दावर अडलं होतं: व्यक्ती. फौजदारी कायद्यात एका जागी गर्भ ‘व्यक्ती’ झाला की दुसऱ्या जागीही तो व्यक्तीच आहे, असा युक्तिवाद करायला वकिलाला आधार मिळतो. आणि मग आई आणि गर्भ या कायद्यापुढे दोन वेगळ्या बाजू होतात. अपवादाचं कलम आज आहे, उद्याचं विधिमंडळ ते काढू शकतं.

ही भीती हवेतली नव्हती. अमेरिकेत अनेक राज्यांनी गर्भवतीवर हल्ला करणाऱ्यांसाठी म्हणून केलेले कायदे पुढे गर्भवतींवरच चालवले गेले. इंडियाना राज्यात भारतीय वंशाच्या एका महिलेला २०१५ साली भ्रूणहत्या आणि बाळाकडे दुर्लक्ष अशा दोन आरोपांखाली वीस वर्षांची कैद झाली होती. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने भ्रूणहत्येचा ठपका रद्द केला. हा कायदा बाईने स्वतःचा गर्भपात केल्याबद्दल तिला शिक्षा करण्यासाठी नव्हताच, असं न्यायालयाला सांगावं लागलं. तोवर ती तुरुंगात होती. बाईला वाचवायला केलेल्या कायद्याने बाईच आत जाते, हे एकदा घडलेलं पाहिल्यावर नव्या मसुद्यातला प्रत्येक शब्द भिंगाखाली धरणाऱ्यांना मी दोष देणार नाही.

सिडनीत धोका आणखी जास्त होता, त्याचं कारण बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. तिथे गर्भपात तेव्हा गुन्हाच होता. १९०० सालच्या क्राइम्स ॲक्टमध्ये ८२ ते ८४ ही कलमं होती आणि ‘बेकायदा’ गर्भपाताला, बाईला आणि डॉक्टरलाही, शिक्षा सांगितली होती. प्रत्यक्षात दवाखाने चालू होते, ते १९७१ मधल्या एका जिल्हा न्यायाधीशाच्या विवेचनावर. ‘बेकायदा’ म्हणजे काय हे ज्युरीला समजावताना त्यांनी म्हटलं होतं की बाईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर धोका आहे असं डॉक्टरला प्रामाणिकपणे वाटलं, तर तो बेकायदा नाही. गंमत बघा: त्याच १९७१ साली भारताच्या संसदेने गर्भपाताचा रीतसर कायदा केला. आपल्याकडे निदान संसदेचा कायदा होता. सिडनीतल्या बायकांना पुढची जवळपास पन्नास वर्षं एका न्यायाधीशाच्या त्या विवेचनावर काढावी लागली. अशा पोकळ जमिनीवर त्याच कायद्यात ‘गर्भ ही जिवंत व्यक्ती’ असं वाक्य बसवायचं, म्हणजे खालची जमीन खचणार नाही याची खात्री कोण देणार?

म्हणून माझं मत असं की २०१३ च्या मसुद्याला हरकत घेणं योग्य होतं. पण पुढे विधान परिषदेत जे झालं ते योग्य नव्हतं. तिथे विधेयक मतदानापर्यंत पोहोचलंच नाही. ते पडू दिलं गेलं नाही आणि पासही होऊ दिलं गेलं नाही. खासगी विधेयकाचं असंच होतं, आपल्या संसदेतही: कामकाजाचा वेळ सरकारच्या हातात, सरकारला नको तो विषय यादीत खाली खाली सरकत जातो. २०१५ च्या निवडणुकीआधी विधिमंडळाची मुदत संपली आणि विधेयक बारगळलं. नाही म्हणायचं होतं तर उभं राहून कारणं देऊन नाही म्हणायला हवं होतं. म्हणजे पुढच्या मसुद्यात काय बदलायचं, ते त्या कुटुंबालाही कळलं असतं. गप्प बसून वेळ मारून नेण्याचा हा मार्ग मला सगळ्यांत निर्दय वाटतो.

नाईल यांनी नंतरही विधेयकं आणली. दुसऱ्या बाजूने ग्रीन पक्षाच्या मेहरीन फारुकी यांनी गर्भपात फौजदारी कायद्यातून काढण्याचं विधेयक आणलं. ते २०१७ मध्ये परिषदेत फेटाळलं गेलं. दोन्ही बाजू एकमेकींना अडवून बसल्या होत्या. गर्भाला मान्यता द्यावी तर गर्भपात धोक्यात येतो, आणि गर्भपात मोकळा करायला बहुमत नाही.

ही कोंडी फुटली २०१९ मध्ये. त्या वर्षी मार्चच्या निवडणुकीच्या तोंडावर सत्ताधाऱ्यांनी झोईच्या कायद्याचं आश्वासन दिलं. निवडून आल्यावर मात्र आधी पुढे आला तो गर्भपाताचा विषय. अपक्ष आमदार अ‍ॅलेक्स ग्रीनिच यांनी ऑगस्टमध्ये विधेयक मांडलं. विधानसभेत ५९ विरुद्ध ३१ मतं पडली, परिषदेत लांबलचक, कडवट चर्चा झाली, आणि सप्टेंबरअखेर ते मंजूर झालं. ८२ ते ८४ ही कलमं गेली. २२ आठवड्यांपर्यंत गर्भपात हा बाई आणि डॉक्टर यांच्यातला मामला झाला. त्यानंतर दोन तज्ज्ञ डॉक्टरांची संमती लागते.

आता झोईच्या कायद्यापुढची मोठी धोंड बाजूला झाली होती. तरी आणखी दोन वर्षं गेली. या दोन वर्षांसाठी मात्र पटण्यासारखं कारण मला दिसत नाही. साथ आली, सल्लामसलती झाल्या, हे खरं; पण दिलेलं आश्वासन होतं, पेच सुटलेला होता, आणि दहा वर्षांच्या वादातून सगळ्या हरकती टेबलावर आलेल्या होत्या.

२०२१ मध्ये ॲटर्नी जनरल मार्क स्पीकमन यांनी (तिथे हे मंत्रिपद असतं) सरकारी विधेयक आणलं, तेव्हा मसुद्यातून ‘जिवंत व्यक्ती’ गायब झाली होती. खून नाही, मनुष्यवध नाही. ‘गर्भ गमावण्यास कारण होणे’ असा नवा गुन्हा. तो एकटा उभा राहत नाही. आईला गंभीर दुखापत केल्याच्या किंवा तिचा जीव घेतल्याच्या गुन्ह्याला जोडूनच येतो. गर्भाची अट जुनीच: वीस आठवडे, किंवा ते नक्की कळत नसेल तर चारशे ग्रॅम. गर्भपात, वैद्यकीय उपचार आणि बाईने स्वतः केलेली कोणतीही कृती यांना हा कायदा लागू नाही.

शिक्षेचा हिशेब जरा बारकाईने पाहू, कारण सगळी तडजोड त्यात दडली आहे. धोकादायक गाडी चालवून गंभीर दुखापत केली तर तिथे जास्तीत जास्त सात वर्षं, आणि नशा, बेफाम वेग अशी परिस्थिती असेल तर अकरा. नव्या कायद्याने गर्भ गेल्यास कमाल शिक्षेत तीन वर्षांची भर घातली. सातची दहा झाली, अकराची चौदा. आणि धोकादायक गाडी चालवून जिवंत माणसाचा मृत्यू घडवला तर त्या राज्यात कमाल शिक्षा किती? दहा, नशा वगैरे असेल तर चौदा. म्हणजे अपघाताच्या बाबतीत गर्भाला व्यक्ती न म्हणताही कायदा शिक्षेच्या त्याच कमाल आकड्यावर पोहोचला. याहून चांगला तोडगा मला तरी सुचत नाही.

आई दगावली असेल तर गर्भ गमावण्याचा गुन्हा वेगळा लावता येतो, त्याला कमाल तीन वर्षं. आरोपपत्रात बाळाचं नाव लिहिता येतं. बाळ गेल्याने आपल्यावर काय ओढवलं, ते जवळचे नातेवाईक न्यायालयासमोर मांडू शकतात. कायदा २९ मार्च २०२२ पासून लागू झाला. तीन वर्षं कमीच आहेत असं काहींना वाटलं; हे पहिलं पाऊल असून पुढे गर्भपातावर गदा येईल, असं ग्रीन पक्षाला आणि काही महिला संघटनांना तेव्हाही वाटत होतं. पण आरोपपत्रातली ओळ बदलली.

आपल्याकडे काय आहे? बऱ्याच जणांना आश्चर्य वाटेल, पण भारतात असं कलम १८६० पासून आहे. भारतीय दंड संहितेचं ३१६, आता भारतीय न्याय संहितेचं ९२. एखाद्याने असं कृत्य केलं की ज्यामुळे बाई मेली असती तर तो सदोष मनुष्यवध ठरला असता, आणि बाई वाचली पण पोटात हालचाल करू लागलेलं मूल दगावलं, तर दहा वर्षांपर्यंत कैद. कलमाखालचं उदाहरणही नेमकं हेच सांगतं. बाईच्या संमतीविना मुद्दाम गर्भपात घडवला तर कलम ८९, तिथे जन्मठेपेपर्यंत शिक्षा.

पण सेंट्रल कोस्टसारखी घटना नाशिक किंवा पुण्याच्या रस्त्यावर घडली, तर हे ९२ सहजी लागत नाही. नुसता निष्काळजीपणा सदोष मनुष्यवधात बसत नाही. आपल्या कृत्याने जीव जाऊ शकतो याची चालकाला जाणीव होती, हे दाखवावं लागतं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या बाबतीत आपली न्यायालयं कधी कधी इथवर पोहोचली आहेत. वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ साली फुटपाथवर झोपलेले सात मजूर चिरडले गेले, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाचा निकाल कायम ठेवला. अन्यथा सिग्नल तोडून आलेल्या गाडीखाली आठव्या महिन्यातलं बाळ गेलं आणि आई वाचली, तर आपल्याकडेही ती आईचीच दुखापत राहते.

दुसरीकडे, न्यू साउथ वेल्सने जी गोष्ट आधी करून घेतली ती आपण अजून केलेली नाही. १९७१ च्या कायद्याने डॉक्टरांना संरक्षण दिलं, २०२१ च्या दुरुस्तीने काही महिलांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढवली. पण त्या चौकटीबाहेर गर्भपात हा गुन्हाच आहे, आणि स्वतःचा गर्भपात करणारी बाईही त्यात गुन्हेगार आहे. दंड संहितेच्या ३१२ व्या कलमात तसं स्पष्ट लिहिलं होतं, न्याय संहितेच्या ८८ व्या कलमात ते तसंच उतरवलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने ही संहिता मंजूर केली तेव्हा विरोधी पक्षांचे शंभराहून जास्त खासदार निलंबित होते. अपघातात पोटातलं बाळ गमावणाऱ्या आईसाठी नवं काही जोडावं का, आणि ८८ मधून बाईला वगळावं का, हे दोन्ही प्रश्न त्या वेळी सभागृहात नीट मांडून झडायला हवे होते. १ जुलै २०२४ पासून ही संहिता लागू आहे, आणि दोन्ही कलमं जवळपास १८६० सालच्याच शब्दांत तिच्यात आहेत.